पिंपळनेरी स्कीनौकामीमांसा

कोणत्याही शास्त्रग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी सांगाव्या लागतात: अधिकारी कोण, विषय कोणता, संबंध काय आणि प्रयोजन काय. वेदान्त्यांनी घालून दिलेली ही शिस्त मोडण्याचे धाडस आम्हाला नाही. तेव्हा अधिकारी म्हणजे साक्री तालुक्यातल्या पिंपळनेर-पंचक्रोशीतला तो गृहस्थ, ज्याचा कांदा एखाद्या वर्षी अनपेक्षित भावाने गेला आहे आणि ज्याच्या घरी आठ-दहा वर्षांची एक-दोन मुले मोकाट आहेत. विषय म्हणजे स्कीनौका, अर्थात माणसाला पाण्यावरून ओढत नेण्यासाठीच बांधलेली मोटारबोट. संबंध म्हणजे तिच्या मागचा 23 मीटरचा दोर. प्रयोजनाचा शोध चालू आहे.

आता पूर्वपक्ष. पूर्वपक्षी बहुधा घरातच असतो आणि त्याच्या हातात लाटणे असते. त्याचे म्हणणे असे, की ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात गावोगाव टँकर फिरतात, तिथे पाण्यावर पळायचे सोंग काढणे म्हणजे उपाशी माणसापुढे ढेकर देणे. आक्षेप वजनदार आहे, पण तो धुळे जिल्हा महामार्गावरून पाहणाऱ्याचा आहे. साक्रीच्या पश्चिमेला सह्याद्री आडवा पडला आहे. ढग त्याच्यापाशी अडतात, तिथे भात पिकतो, आणि तिथल्याच डोंगरात पांझरा उगम पावते. पुढे ती पूर्वेला धुळ्याकडे जाते, मग उत्तरेला वळून तापीला मिळते. खान्देशातल्या बहुतेक नद्यांप्रमाणे उन्हाळ्यात तीही मुख्यतः नकाशावरच वाहते. पण त्याआधी पिंपळनेरजवळ लाटीपाड्याला तिला धरण घालून अडवले आहे. पावसाळ्यात ते भरून सांडव्यावरून वाहू लागले, की पाणी बघायला माणसे जातात. म्हणजे पाणी आहे, प्रेक्षकही आहेत. नाही ती फक्त बोट. एवढ्या किरकोळ उणिवेवरून शास्त्र अडवून धरता येत नाही.

नौकेचे वर्गीकरण प्रथम करू. भोजराजाच्या नावावर असलेल्या ‘युक्तिकल्पतरू’ या संस्कृत ग्रंथात नावांचे रीतसर प्रकार दिले आहेत. सामान्य नावांची क्षुद्रा, मध्यमा, भीमा, चपला अशी चढती भांजणी आहे आणि प्रत्येकीची लांबी-रुंदी हातांत सांगितली आहे. स्कीनौकेचा वेग पाहून तिला ‘चपला’ म्हणण्याचा मोह कोणाही पंडिताला होईल. पण मोजमाप आड येते. स्कीनौका सुमारे 6 मीटर लांब असते, म्हणजे तेरा-सव्वातेरा हात. भोजाच्या यादीतली सगळ्यात धाकटी क्षुद्रासुद्धा 16 हातांची आहे. थोडक्यात, अमेरिकेत आज जी नवी घ्यायची तर एक लाख डॉलरच्या पुढे जावे लागते, ती नाव आपल्या परंपरेप्रमाणे क्षुद्र या श्रेणीतही बसत नाही. खरेदीचा निर्णय होईपर्यंत हा संदर्भ घरात कोणापुढे काढू नये.

त्याच ग्रंथात असेही सांगितले आहे, की समुद्रात जायच्या नावेच्या फळ्या लोखंडाने सांधू नयेत, कारण पाण्यातले चुंबकी खडक तिला ओढून घेतात. लाटीपाड्याच्या बाबतीत हा धोका आम्ही विचारात घेतलेला नाही. धरणाच्या बुडित क्षेत्रात चुंबकापेक्षा जुन्या बांधांचे दगड आणि झाडांचे बुंधे यांची धास्ती जास्त. पाणी उतरू लागले की ते एकेक करून वर येतात, आणि मधल्या काळात, म्हणजे दिसत नाहीत पण वीतभर खालीच असतात तेव्हा, ते भोजाच्या खडकांइतकेच लबाड असतात.

स्कीनौकेची अंतर्रचना विचारपूर्वक केलेली असते. इंजिन मागच्या टोकाला लटकवलेले नसते, पोटात असते आणि पंखा बुडाखाली. दोर बांधायचा खांब नौकेच्या साधारण मध्यावर. कारण मागे लोंबणारा माणूस डावी-उजवीकडे झेपावतो तेव्हा तो नौकेचे शेपूट आपल्याबरोबर ओढू पाहतो. दोर मध्यावर असला, की त्याची ही दांडगाई चालत नाही आणि नाव सरळ राहते. बुड असे घडवलेले असते, की मागे उठणारी लाट बुटकी राहावी. फ्लोरिडातल्या ‘करेक्ट क्राफ्ट’ कंपनीची ‘स्की नॉटिक’ 1961 सालची. तेव्हापासून आजपर्यंत या विद्येचा सगळा जोर, जितके जास्त बळ लावावे तितके पाणी कमी हलावे, या एका उफराट्या ध्येयावर आहे.

बळ किती? तर 300 अश्वशक्तीच्या पुढे. घरच्या ट्रॅक्टरच्या सहा-सात पट. आणि ओढायचे काय, तर 30 किलोचा पोरगा. तीनशे घोडे दत्तजयंतीच्या यात्रेत सारंगखेड्याहून एकदम आणायचे म्हटले तर दारात बांधायला जागा पुरणार नाही. इथे ते एका झाकणाखाली गुण्यागोविंदाने राहतात, फक्त पितात फार. खान्देशात कोणतेही वाहन दारात उभे राहिले, की नारळ फुटायच्या आत शेजारून प्रश्न येतो: “जिभाऊ, एव्हरेज कितलं देस?” स्कीनौकेच्या बाबतीत हा प्रश्न शास्त्रदृष्ट्या सदोष आहे. तिचे पेट्रोल किलोमीटरवर मोजत नाहीत, तासावर मोजतात, आणि ओढकाम करताना ते तासाला 15-20 लिटर सहज जाते. एवढे पेट्रोल जाळून ती जिथून निघाली तिथेच परत येते, हे विचारणाऱ्याला दोनदा समजावून सांगावे लागते. तिसऱ्यांदा तो विचारत नाही, तंबाखू मळायला घेतो.

कागदपत्रांचा अध्याय कंटाळवाणा आहे, लवकर उरकतो. यंत्रावर चालणारी नाव देशांतर्गत जलयान कायद्याखाली येते. जुना कायदा 1917 चा, नवा 2021 चा. राज्यात ते काम महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे. पण नाव लाटीपाड्यापर्यंत ज्या गाड्यावर चढून येणार त्याला चाके आहेत, म्हणून तो आरटीओचा. पाणी पाटबंधाऱ्याचे. पाण्यातले मासे ज्या मच्छीमार सोसायटीने ठेका घेतला असेल तिचे. एकूण, नावेतला माणूस आणि त्याचे पोरगे एवढेच त्याचे स्वतःचे, आणि त्यातले पोरगेही सत्र चालू असेपर्यंत शाळेचे.

यावरून कालनिर्णयाकडे वळू, कारण खरी मेख तिथे आहे. मुलांना सलग सुट्टी मे महिन्यात. मे महिन्यात आवर्तने सुटून गेलेली, उरलेला साठा पिण्यासाठी राखलेला, आणि धरणाच्या तळाला भेगा. धरण तुडुंब भरते श्रावण-भाद्रपदात, तेव्हा चाचणी परीक्षा. शिवाय पाणी गढूळ, सांडवा चालू, आणि चालत्या सांडव्याच्या आसपास नाव नेणे हा खेळ नव्हे. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, सगळे घर रिकामे असते, पण धरणही रिकामेच. म्हणजे जल आणि अवकाश यांचा योग फक्त दिवाळीच्या सुट्टीत येतो. दिवाळीला मुले मामाच्या गावी जातात. मामाचे गाव धरणाकाठी असणे हा म्हणून स्कीशास्त्रातला पहिला शुभ योग मानावा, आणि सोयरीक जुळवताना कुंडलीबरोबर जलसाठ्याची टक्केवारीही बघावी, अशी आमची नम्र सूचना आहे. मामाचा कापूस वेचणीला आला असेल तर हाही योग भंगतो.

आता या विद्येचा इतिहास. तो पिंपळनेरकरांना धीर देणारा आहे म्हणून जरा विस्ताराने सांगतो. 1922 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात लेक सिटी नावाच्या गावी राल्फ सॅम्युअलसन नावाचा अठरा वर्षांचा पोरगा होता. बर्फावर लोक फळ्यांवरून घसरतात तर पाण्यावर का नाही, असे त्याच्या डोक्यात आले. आधी त्याने पिंपाच्या फळ्या पायाला बांधल्या. बुडाला. मग बर्फावरच्या स्की बांधल्या. पुन्हा बुडाला. मग दोन लांबरुंद पाइनच्या फळ्या घेतल्या, आईच्या कपडे उकळायच्या हंड्यात त्यांची टोके शिजवून वर वाकवली, आणि मध्ये चामड्याचे पट्टे ठोकले. खिडकीच्या तावदानाला वापरतात तो दोर घेतला, लोहाराकडून लोखंडी कडे करून घेतले, आणि थोरला भाऊ बेन याला बोट हाकायला बसवले. बरेच दिवस गावाने तळ्याकाठी उभे राहून त्याचे गटांगळ्या खाणे पाहिले. अखेर 2 जुलैला त्याने मागे रेलून फळ्यांची टोके पाण्याच्या वर ठेवली आणि तो उठला. सगळा शोध एवढाच: टोके वर, अंग मागे.

या साहित्याची यादी पाहावी. फळ्या सुताराकडे मिळतात. चामडे चर्मकाराकडे. कडे लोहाराकडे. आईचा हंडा घरात, तो मागायची छाती मात्र ज्याची त्याने आणायची. दोराच्या बाबतीत तर आपण सॅम्युअलसनच्या पुढे आहोत. खान्देशातल्या शेतकऱ्याला दावे, कासरा, चऱ्हाट, मोटेचा नाडा आणि सोल यांतला भेद सांगावा लागत नाही. स्कीच्या दोराला पहिला गुण लागतो तो तरंगण्याचा, नाहीतर तो पंख्यात जाऊन गुंततो. सुती बुडतो, नायलॉन बुडतो, आणि आठवडे बाजारात गुरांसाठी मिळणारा पिवळा-निळा प्लॅस्टिकचा हलका दोर तरंगतो. स्कीचे दोरही त्याच कुळातल्या प्लॅस्टिकचे असतात.

सॅम्युअलसनने 1925 मध्ये पाण्यात कललेल्या एका फळकुटाला चरबी फासून त्यावरून उडीही मारली. पेटंट मात्र घेतले नाही. ते त्याच वर्षी फ्रेड वॉलर नावाच्या दुसऱ्याच गृहस्थाने घेतले, ज्याने पुढे ‘सिनेरामा’ हा अजस्र पडद्याचा सिनेमा काढला. सॅम्युअलसन टर्की कोंबड्या पाळत राहिला, आणि आद्य जलस्कीकार म्हणून त्याच्यावर शिक्का बसायला 1966 साल उजाडले. घाट उतरून नवापूरला गेले की कोंबडीपालनाचा केवढा पसारा आहे, हे वाचकांना ठाऊक आहे. त्यांच्यापैकी कोणी काय शोधून ठेवले आहे, याची चौकशी वेळीच झालेली बरी.

मुलांना या खेळात कसे आणावे, हा या प्रबंधाचा गाभा. जगभरच्या शिकवणाऱ्यांचे म्हणणे एकच आहे: पाण्यात उकिडवे बसायचे, गुडघे छातीशी, हात सरळ, आणि दोर अजिबात ओढायचा नाही. बोट ओढील, तुम्ही उठाल. नवशिके पोर नेमके उलटे करते. दांडी छातीशी ओढते, घाईने उभे राहते आणि नाकात पाणी घेऊन बसते. एवढे एक ‘ओढू नको’ शिकवायला परदेशी आईबापांचे महिने जातात.

इथे आमचा सिद्धान्त येतो. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातल्या भातशेतीच्या पोराला हे शिकवावे लागत नाही. चिखलणी झाली की खाचर सपाट करायला बैलांमागे फळी ओढतात. फळीला वजन हवे म्हणून घरातले एखादे पोर तिच्यावर उभे करतात. खाली घोटाभर पाण्याचा चिखल, पुढे बैलजोडी, हातात कासरा. पोर गुडघे किंचित वाकवून, अंग मागे टाकून उभे राहते, कारण पुढे झुकले तर थेट चिखलात तोंड. आणि कासरा ओढायचा नाही हे त्याला पक्के ठाऊक असते, कारण ओढला की बैल थांबतात आणि मागून बापाची शिवी येते. गुडघे, पाठीचा कल, सैल मनगट, सगळे तेच. फरक एवढाच, की बैल स्कीनौकेच्या वेगाने जात नाहीत आणि त्यांच्या मागची लाट तपकिरी असते. 1972 मध्ये म्युनिचच्या ऑलिंपिकमध्ये जलस्की प्रदर्शनापुरती ठेवली होती. पदकाच्या यादीत ती नव्हती. फळी तेवढीही नव्हती, हे पाहता ऑलिंपिक समितीचा चिखलाविषयीचा अभ्यास कच्चा राहिला असे म्हणावे लागते. ट्रॅक्टरने आता बहुतेक बैल आणि फळ्याही घालवल्या. त्यामुळे ही विद्या असलेली शेवटची पिढी आज काका-मामांच्या वयात आहे, आणि पोरांना शिकवायचे तर आधी त्यांनाच गाठावे लागेल.

फळीवर न वाढलेल्या, म्हणजे बाजारपेठेतल्या मुलांसाठी पाठ वेगळा. आधी कोरड्यावर, ओट्यासमोर: मुलाने उकिडवे बसून दांडी धरायची आणि मोठ्या माणसाने दोर हळूच ओढून त्याला उभे करायचे. मग नौकेच्या कुशीतून आडवा दांडा बाहेर काढून त्याला धरून उभे करायचे, म्हणजे बाप हाताच्या अंतरावर आणि पोराला मागे वळून रडायची सोय. दोर नंतर. लहान मुलाला तासाला 20-22 किलोमीटर वेग पुरतो. दोन्ही स्की एकमेकींना बांधून ठेवाव्यात, नाहीतर एक पाय लाटीपाड्याकडे आणि एक साक्रीकडे जातो. पोर दमायच्या आधी थांबावे. आणि ‘नको’ म्हणाले तर त्या दिवशी नको. पाण्यावरचा हट्ट पुढे दहा वर्षे पुरतो.

एक गोष्ट मात्र आपल्या संस्काराच्या उलट शिकवावी लागते. आपण मुलांना सांगतो, धरलेले सोडू नकोस. इथे पडताक्षणी दांडी सोडायची असते. गुणी मुले हमखास पडतात आणि आज्ञाधारकपणे दोर धरून पाण्याखालून येत राहतात. आगाऊ मुले आधीच सोडून मोकळी होतात आणि लवकर शिकतात.

लाइफ जॅकेटचा विषय आम्ही विनोदाबाहेर ठेवला आहे. पांगाऱ्याचा बिंडा, पाठीला बांधलेला डबा, ट्रॅक्टरची ट्यूब या सगळ्यांनी विहिरीत पोहायला शिकवले हे खरे, पण पालथे पडलेल्या पोराचे तोंड वर ठेवणे त्यांच्याने होत नाही. मापाचे, पट्टे आवळलेले जॅकेट नसेल तर नाव सुरू करू नये. दारू प्यालेल्याने हाकू नये. धरणावर मनाई असेल तिथे उतरू नये. एवढेच.

या खेळाला तीन माणसे लागतात: हाकणारा, मागे लोंबणारा, आणि मागे तोंड करून बसणारा निरीक्षक. हाकणाऱ्याने पुढे बघायचे, म्हणून मागचे सगळे निरीक्षक सांगतो. या पदासाठी आजीइतके योग्य कोणी नाही. पुढे काय आहे यात तिला रस नसतो, नातवावरून नजर हलत नाही, आणि इंजिनाच्या वर आवाज चढवण्याची तिची तयारी जन्माची. खुणा तिला तेवढ्या शिकवाव्यात. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, अंगठा खाली म्हणजे कमी करा, डोक्यावर थाप म्हणजे परत काठाला चला. शेवटच्या खुणेत घोटाळा संभवतो. पेट्रोलचा हिशेब आठवून हाकणाऱ्यानेच डोक्याला हात लावला, तर आजी नाव वळवायला सांगते.

पट्टीच्या खेळाडूंची स्लॅलम स्पर्धा हा आमच्या मते या खेळातला सर्वांत तात्त्विक भाग. 259 मीटरच्या मार्गात सहा बोये, प्रत्येक बोया मधल्या रेषेपासून 11.5 मीटर दूर. पुरुषांसाठी नौकेचा कमाल वेग तासाला 58 किलोमीटर. सगळ्या बोयांना वळसा घातला, की बक्षीस म्हणून दोर आखूड करतात. 18.25 मीटरवरून 16, मग 14.25, असे करत 10.25 आणि त्याच्याही खाली. दोर बोयापर्यंत पोचतच नाही, मग उरलेले अंतर खेळाडूने पाण्यावर आडवे होऊन अंगाने भरून काढायचे. पाणी जपून वापरले म्हणून पुढच्या वर्षी ज्याचा कोटा कापला गेला, त्या शेतकऱ्याला हा नियम एका वाक्यात कळेल.

राहिला मालकीचा प्रश्न. एकट्याने ही नाव पोसणे शहाणपणाचे नाही, आणि त्यावर तोडगा बाहेरून आणायची गरज नाही. पांझरेच्या खोऱ्यात शतकानुशतके फड पद्धत चालत आली आहे. नदीला बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. पाणी पाटकरी देतो, राखण जागल्या करतो, देखरेख हवालदाराची, तंटा पंचांपुढे. पाणी कमी पडले तर कमी सगळ्यांनाच. याच धर्तीवर नौकाफड स्थापावा. प्रत्येक पोराची पाळी पाटकऱ्याने लावावी, वरच्या आळीची पोरे रोज पहिली येणार नाहीत हे बघावे. पेट्रोल आटले तर सगळ्यांच्याच फेऱ्या आखूड. जागल्याने रात्री नाव राखावी, कारण तिच्यातले पेट्रोल मोटारसायकलीलाही चालते. वर्षातले अकरा महिने ती खळ्यात उभी राहील, तेव्हा तिच्यात कांदा साठवू नये, असा ठराव पहिल्याच बैठकीत व्हावा. दाल-बट्टीचा बेत काठावर, नावेत नव्हे.

आजोबांच्या पाळीवर मात्र पंचांत दुमत होईल. 35 वर्षांवरच्या खेळाडूंसाठी वेगळ्या जागतिक स्पर्धा होतात, हे दाखवून आजोबा हक्क सांगतील, आणि फळीवर आपण उभे राहायचो तेव्हा पाटकऱ्याचा बाप मागे शेपटी धरून यायचा, हेही सांगतील. त्यांचे पेट्रोल नातवाच्या खाती धरायचे की सुनेच्या, आणि धोतर नेसून स्की पायात घालता येते का, या दोन मुद्द्यांवर बैठक तहकूब ठेवावी लागेल.